वसंतराव नाईक

वसंतराव फुलसिंग नाईक (१ जुलै १९१३, गहुली, ता. पुसद, जि. यवतमाळ – १८ ऑगस्ट १९७९, सिंगापूर) हे महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. ५ डिसेंबर १९६३ ते २० फेब्रुवारी १९७५ अशी अकरा वर्षांहून अधिक काळ त्यांनी हे पद सांभाळले. राज्याच्या इतिहासात एवढा दीर्घ काळ दुसऱ्या कोणाही मुख्यमंत्र्याला लाभलेला नाही. हरितक्रांतीचे प्रवर्तक म्हणून ते सर्वपरिचित आहेत. त्यांच्या कारकिर्दीची दुसरी बाजू मात्र त्या मानाने उपेक्षित राहिली. राज्याचा पैसा कोणाकडून घ्यावा आणि कोणासाठी खर्चावा, या प्रश्नाशी त्यांचा संबंध वकिलीच्या दिवसांपासून शेवटपर्यंत होता. महाराष्ट्रातील नोकरदार, दुकानदार व व्यावसायिक आजही जो व्यवसाय कर भरतात, त्याचा उगम त्यांच्याच काळातील एका निर्णयात आहे.

कुळ आणि प्रांत

वसंतरावांचा जन्म बंजारा समाजात झाला. त्यांचे आजोबा चतुरसिंग राठोड हे तांड्याचे नायक होते. गहुली हे गाव त्यांनीच वसवले. तांड्याचा प्रमुख या अर्थी असलेली ‘नाईक’ ही उपाधीच पुढे घराण्याचे आडनाव झाली. वडील फुलसिंग, आई होनूबाई.

बंजारा समाज मूळचा बैलांच्या पाठीवरून मीठ व धान्य वाहून नेणारा. ‘लमाण’ हे त्याचे दुसरे नाव लवण या शब्दावरून आले असावे, असे मानले जाते. इंग्रजी अमदानीत मिठावर सरकारी नियंत्रण व कर आला, मागोमाग आगगाडी आली, आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा हा व्यापार बसला. त्यातच १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची छाया अनेक भटक्या समाजांवर पडली. अशा स्थितीत काही तांडे जमीन कसू लागले आणि एका जागी स्थिरावले. गहुली हा त्यांपैकी एक.

ज्या वऱ्हाडात हे गाव आहे, त्या प्रांताची तेव्हाची स्थितीही चमत्कारिक होती. १८५३ पासून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली होते, तरी त्यावरील नाममात्र स्वामित्व हैदराबादच्या निजामाचे होते. १९०२ च्या करारान्वये इंग्रज सरकारने वर्षाला २५ लाख रुपये देण्याचे कबूल करून हा प्रांत कायमच्या पट्ट्याने घेतला. म्हणजे रयत सरकारला शेतसारा देई आणि सरकार निजामाला खंड. १९०५ च्या फेररचनेत पुसद तालुका वाशीम जिल्ह्यातून काढून यवतमाळला जोडण्यात आला.

शिक्षण व वकिली

तांड्यावर शाळा नसल्याने वसंतरावांचे प्राथमिक शिक्षण आसपासच्या गावी राहून झाले. माध्यमिक शिक्षणासाठी ते नागपूरला नील सिटी हायस्कूलमध्ये गेले. ते विद्यार्थिदशेत असतानाच, १० जुलै १९३० रोजी, लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळच्या राखीव जंगलात गवत कापून जंगल सत्याग्रह केला. समुद्रकिनाऱ्यावर मिठाचा जो अर्थ होता, तोच वऱ्हाडात गवताचा होता. निसर्गाने दिलेल्या वस्तूवर सरकारने हक्क सांगावा काय, हाच वाद दोन्हीकडे होता.

नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून १९३८ मध्ये बी.ए. आणि १९४० मध्ये एलएल.बी. या पदव्या घेतल्यावर वसंतरावांनी अमरावती येथे डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या हाताखाली वकिलीस आरंभ केला व १९४१ पासून पुसदला स्वतंत्र व्यवसाय थाटला. त्याच वर्षी नागपूरच्या वत्सलाबाई घाटे यांच्याशी त्यांचा आंतरजातीय विवाह झाला. वत्सलाबाई ब्राह्मण कुटुंबातील व सुशिक्षित होत्या. दोन्ही समाजांत या विवाहाची बरीच चर्चा झाली.

तालुक्याच्या ठिकाणच्या वकिलाकडे त्या काळी येणारी प्रकरणे मुख्यतः जमिनीची आणि कर्जाची असत. कापसाचे पीक हाती येण्याआधीच सावकाराच्या वहीत गेलेले असे, आणि सारा तर रोखीनेच भरावा लागे. हप्त्याची तारीख आणि पिकाची तारीख जुळली नाही की शेत गहाण पडे. कर्जाच्या तडजोडीसाठी मध्य प्रांतात १९३३ मध्ये कायदा झाला होता, परंतु निरक्षर कुळाला त्याचा उपयोग करून घेणे कठीण होते. शेतकऱ्याच्या अडचणीचा हा अनुभव वसंतरावांना पुढे महसूल खात्यात फार उपयोगी पडला असला पाहिजे.

पुसदची नगरपालिका ते महसूल खाते

१९४६ मध्ये ते पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत पुसदमधून ते तत्कालीन मध्य प्रदेश विधानसभेवर निवडून आले आणि पंडित रविशंकर शुक्ल यांच्या मंत्रिमंडळात महसूल खात्याचे उपमंत्री झाले. त्याच वर्षी गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला.

त्यांच्या उपमंत्रिपदाच्या काळातच मध्य प्रदेश जमीन महसूल संहिता, १९५४ तयार झाली. तोवर वऱ्हाडात १९२८ ची वऱ्हाड जमीन महसूल संहिता लागू होती, तर नागपूरकडच्या जुन्या मालगुजारी मुलखाचे नियम निराळे होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, आणि वसंतराव त्या राज्याच्या मंत्रिमंडळात प्रथम सहकार व नंतर कृषी खात्याचे मंत्री झाले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर यशवंतराव चव्हाणांनी त्यांच्याकडे महसूल खाते सोपवले.

महसूलमंत्री

नव्या राज्यात महसुलाचे तीन कायदे एकाच वेळी चालू होते. पश्चिम महाराष्ट्रात १८७९ ची मुंबई संहिता, मराठवाड्यात हैदराबाद संस्थानचा फसली सनातील कायदा, आणि विदर्भात १९५४ ची मध्य प्रदेशची संहिता. भोगवट्याचे प्रकार, अपिलाची रीत आणि कागदपत्रांची नावेसुद्धा वेगळी. एका विभागातील शेतकऱ्याला दुसऱ्या विभागातील तलाठ्याचा कागद सहजी समजत नसे. या तिन्हींच्या जागी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ आली व १५ ऑगस्ट १९६७ पासून ती अमलात आली. तेव्हा वसंतराव मुख्यमंत्री होते. सातबारा, फेरफार, बिनशेती आकारणी, थकबाकीची वसुली हे सारे व्यवहार आजही याच संहितेखाली चालतात. कायदा म्हणून तिची चर्चा फारशी होत नाही. परंतु विभागाविभागांनी बनलेले राज्य कागदावर एक झाले ते या संहितेमुळे, असे म्हणता येईल.

महसूलमंत्री असताना त्यांच्याकडे आणखी एक महत्त्वाचे काम आले. लोकशाही विकेंद्रीकरणाचा विचार करण्यासाठी २७ जून १९६० रोजी त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली आणि १५ मार्च १९६१ रोजी तिने अहवाल दिला. बलवंतराय मेहता समितीने तालुका पातळीवरील पंचायत समितीला महत्त्व दिले होते. नाईक समितीने जिल्हा हा घटक धरला. तालुक्याच्या संस्थेला पुरेसे उत्पन्नही मिळणार नाही आणि पुरेसे जाणकार अधिकारीही मिळणार नाहीत, हा त्यामागील व्यवहारी विचार होता. त्यानुसार १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. शेतसाऱ्यावरील उपकर आणि जमीन महसुलातील अनुदान हे त्यांच्या उत्पन्नाचे आधार ठरले. गावाचा सारा सरकारजमा होऊन नाहीसा न होता त्यातील काही भाग रस्ता, शाळा व दवाखाना यांच्या रूपाने जिल्ह्यातच परतावा, अशी ही योजना होती.

याच काळात जमीनधारणेच्या कमाल मर्यादेचा कायदा (१९६१), शेती उत्पन्नावरील कराचा कायदा (१९६२) आणि शिक्षण उपकराचा कायदा (१९६२) झाले. यांपैकी शेती उत्पन्नावरील कर मोठ्या उत्पन्नाच्या शेतकऱ्यांपुरताच होता आणि त्याने तिजोरीत फारशी भरही पडली नाही. शिक्षण उपकर मात्र टिकला. पुढे त्या कायद्याच्या नावातच रोजगार हमीची भर पडली, ती कशी हे खाली येईल.

मुख्यमंत्रिपद

२४ नोव्हेंबर १९६३ रोजी मारोतराव कन्नमवार यांचे निधन झाले. पी. के. सावंत यांच्या अल्पकाळ हंगामी कारभारानंतर वसंतराव मुख्यमंत्री झाले. आरंभीच धान्यटंचाई उभी राहिली. १९६४ च्या अखेरीस राज्याने ज्वारी व भाताची एकाधिकार खरेदी सुरू केली. राज्य दोन वर्षांत अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाले नाही तर आपल्याला फाशी द्यावे, असे त्यांनी १९६५ मध्ये पुण्याच्या शनिवारवाड्यावरील जाहीर सभेत सांगितल्याची आठवण सर्वत्र सांगितली जाते. संकरित ज्वारीच्या बियाण्याचा प्रसार, विहिरी व पंपांसाठी कर्ज, पाझर तलाव आणि कृषी विद्यापीठे यांवर त्यांनी भर दिला. राहुरी (१९६८), अकोला (१९६९), परभणी व दापोली (१९७२) ही चारही विद्यापीठे त्यांच्याच काळातील. अकोल्याचे विद्यापीठ सुखासुखी मिळाले नाही. त्यासाठी १९६७ मध्ये वऱ्हाडात तीव्र आंदोलन झाले आणि त्यात बळीही गेले. विदर्भाचा मुख्यमंत्री असताना विदर्भाला झगडावे लागले, ही गोष्ट त्या भागात दीर्घकाळ बोलली जात होती.

दुष्काळ आणि रोजगार हमी

१९७० पासून पावसाने ओढ दिली आणि १९७२ मध्ये राज्याचा मोठा भाग दुष्काळाने होरपळला. आणेवारी घसरली की साऱ्याची वसुली तहकूब करायची, तगाई वाटायची आणि खडी फोडण्याची कामे काढायची, ही दुष्काळ निवारणाची जुनी सरकारी रीत होती. या खेपेला ती अपुरी पडली. ज्याच्याकडे जमीनच नाही, त्याला साऱ्याच्या तहकुबीने काय मिळणार? १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या आसपास गेली. धान्याचा तुटवडा भयंकर असूनही मोठ्या प्रमाणावर भूकबळी पडले नाहीत, याचे श्रेय अभ्यासक या कामांना देतात.

मागेल त्याला काम ही कल्पना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची. सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे १९६५ मध्ये त्यांनी तिचा प्रयोग करून पाहिला होता. वसंतरावांच्या सरकारने १९७२ मध्ये ती राज्याची योजना म्हणून स्वीकारली. दुष्काळी काम म्हणजे सरकारची मेहेरबानी. हमीचे काम मात्र मजुराने मागायचे आणि सरकारने द्यायचे. पुढे झालेल्या कायद्यानुसार मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम न दिल्यास बेकारभत्ता देणे सरकारवर बंधनकारक झाले.

अडचण पैशाची होती. हमी एकदा दिली की मजुरांची संख्या सरकारच्या हाती राहत नाही, आणि अंदाजपत्रकात तर आकडा आधी लिहावा लागतो. मदत निधी किंवा वर्गणीवर अशी योजना चालणे शक्य नव्हते. तिला बारमाही उत्पन्न हवे होते. शेतसाऱ्यावर तर विसंबता येणारच नव्हते, कारण ज्या वर्षी हमीची गरज सर्वाधिक त्याच वर्षी सारा तहकूब झालेला असणार. राज्याच्या उत्पन्नाचा मुख्य भार तोपर्यंत विक्रीकरावर, म्हणजे बहुतांशी शहरांवर, आलेला होता.

त्यातून स्वतंत्र रोजगार हमी निधीची कल्पना पुढे आली. या निधीसाठी खास कर बसवायचे आणि जितकी रक्कम करातून येईल तितकीच राज्याने आपल्या तिजोरीतून घालायची, असे ठरले. विक्रीकरावरील अधिभार, मोटार वाहनांवरील जादा कर, शहरांतील बिगरनिवासी इमारतींवरील उपकर, मोठ्या खातेदारांच्या शेतसाऱ्यातील वाढ व बागायतीवरील विशेष आकारणी, आणि व्यवसाय कर ही त्याची साधने. शेतसाऱ्यातील वाढीचा कायदा १९७४ मध्ये, वसंतराव मुख्यमंत्री असतानाच झाला. बिगरनिवासी इमारतींवरील उपकर १९६२ च्या शिक्षण उपकराच्या कायद्यातच बसवण्यात आला. त्यामुळे यवतमाळ वा पुसदच्या दुकानदाराच्या मालमत्ता कराच्या देयकावर शिक्षण कर आणि रोजगार हमी कर अशी दोन नावे शेजारी शेजारी दिसतात.

व्यवसाय कर

या सर्व करांत व्यवसाय कराचा स्पर्श सर्वाधिक लोकांना होतो. त्याचा कायदा, म्हणजे महाराष्ट्र राज्य व्यवसाय, व्यापार, आजीविका व नोकऱ्या यांवरील कर अधिनियम, १९७५, हा १ एप्रिल १९७५ पासून लागू झाला. वसंतरावांनी पद सोडून तेव्हा जेमतेम चाळीस दिवस झाले होते आणि शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री होते. म्हणून या कराचे संपूर्ण श्रेय वा दोष एकट्या वसंतरावांना देणे योग्य नाही. मात्र ज्या हमीसाठी तो आला, ती त्यांच्या सरकारने दिलेली होती.

असा कर आकारण्याचा अधिकार राज्यांना संविधानाच्या अनुच्छेद २७६ ने दिला आहे आणि त्याची कमाल मर्यादाही तेथेच घातली आहे. १९७५ मध्ये ती माणशी वर्षाला २५० रुपये होती. १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती २,५०० रुपये झाली आणि अद्याप तेवढीच आहे. रुपयाचे मोल तेव्हापासून किती घटले हे लक्षात घेतले, तर हा कर भरणाऱ्यावरचे ओझे खरे तर हलकेच होत गेले आहे.

नोकरदाराच्या बाबतीत मालक वेतनातून कर कापून सरकारजमा करतो आणि त्यासाठी मालकाला नोंदणी दाखला घ्यावा लागतो. महाराष्ट्रात सध्या दरमहा १०,००० रुपयांहून अधिक वेतनावर अकरा महिने २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात, म्हणजे वर्षाचे २,५०० होतात. फेब्रुवारीची पावती वेगळी का दिसते, असा प्रश्न नव्या कर्मचाऱ्याला हमखास पडतो. त्याचे उत्तर या बेरजेत आहे. महिलांना २०२३ पासून दरमहा २५,००० रुपयांपर्यंतच्या वेतनावर हा कर नाही. वकील, डॉक्टर, सनदी लेखापाल, दुकानदार, कंत्राटदार अशा स्वतंत्र व्यावसायिकांना स्वतःच्या नावाने नामनोंदणीचा दाखला घेऊन कर भरावा लागतो. स्वतः धंदा करणारा आणि पदरी पगारी माणसे असलेला मनुष्य दोन्ही दाखल्यांना पात्र ठरतो, आणि लहान व्यापाऱ्यांची गफलत होते ती नेमकी येथे. प्राप्तिकर जुन्या पद्धतीने भरणाऱ्या नोकरदाराला या कराची वजावट वेतनातून मिळते.

पगारदारांनी आणि शहरी व्यापाऱ्यांनी खेड्यातील मजुरीसाठी कर द्यावा, ही कल्पना तेव्हा सहज पचणारी नव्हती. तरी ती स्वीकारली गेली. गावात काम मिळाले तर मुंबईकडे निघालेले लोंढे थोडे आवरतील, ही शहरांचीही गरज होती. १९७३ चे लोंढे मुंबईकरांनी पाहिलेले होते. रोजगार हमी अधिनियम, १९७७ सर्व पक्षांच्या पाठिंब्याने संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. खोटी हजेरीपत्रके, रखडलेली मजुरी आणि निधीत साठून राहिलेली शिल्लक यांबद्दल योजनेवर वेळोवेळी टीका झाली, आणि ती रास्त होती. २००५ मध्ये देशभरासाठी ग्रामीण रोजगार हमीचा कायदा झाला, तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव त्याच्या निर्मात्यांपुढे होता.

कापूस एकाधिकार खरेदी

कापूस हा यवतमाळचा जीव. नियंत्रित बाजाराची सुरुवातच वऱ्हाडात, १८८६ मध्ये कारंजा येथे झाली. तरी भाव ठरवणे व्यापाऱ्याच्याच हाती राहिले होते. १९७१ च्या कायद्यान्वये १९७२-७३ च्या हंगामापासून राज्याने कापसाची एकाधिकार खरेदी सुरू केली. शेतकऱ्याला ठरलेला भाव मिळे आणि विक्रीत नफा झाला तर पुढे आणखी रक्कम मिळे. मात्र पैसे हप्त्यांनी मिळत. चुकारा लांबला की गरजू शेतकरी पुन्हा सावकाराच्या दारी जाई. तोट्याचा भार राज्यावर वाढत गेला व एकविसाव्या शतकाच्या आरंभी खासगी व्यापाऱ्यांना पुन्हा मोकळीक मिळाली.

टीका

वसंतरावांच्या कारकिर्दीवरील आक्षेपही नोंदवले पाहिजेत. मुंबईतील बॅकबे भरावाचे मोक्याचे भूखंड लिलावाविना दिल्याने सरकारचे उत्पन्न बुडाले, असा आरोप झाला व खासदार पिलू मोदी यांनी हे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात नेले. एकीकडे हमीसाठी नवे कर शोधणारे सरकार दुसरीकडे आपली जमीन स्वस्तात देत असल्याचे चित्र त्यातून उभे राहिले. डाव्या कामगार संघटनांना शह देण्यासाठी त्यांनी शिवसेनेकडे काणाडोळा केला, असेही विरोधक म्हणत. त्यावरून ‘वसंतसेना’ हा शब्द प्रचारात आला. महागाईविरुद्ध मृणाल गोरे व अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांनी काढलेले लाटणे मोर्चे याच काळातील.

अखेरची वर्षे

२० फेब्रुवारी १९७५ रोजी त्यांनी मुख्यमंत्रिपद सोडले. १९७७ च्या निवडणुकीत वाशीम मतदारसंघातून ते लोकसभेवर गेले. १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूर येथे त्यांचे निधन झाले. रोजगार हमी कायदा अमलात येऊन तेव्हा सात महिनेही झाले नव्हते.

त्यांचे पुतणे सुधाकरराव नाईक १९९१ ते १९९३ या काळात मुख्यमंत्री होते. परभणीचे कृषी विद्यापीठ, यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, तसेच विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठीचे विकास महामंडळ यांना वसंतरावांचे नाव देण्यात आले आहे. १ जुलै हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात कृषी दिन म्हणून पाळला जातो.